रात्रीत गच्चीवरची टाकी 6 सेंमी उतरते, नळ सगळे बंद, जमिनीतली लाईन फुटली असेल तर कुठं खोदू?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. घर 22 वर्षांचं आहे, पार्किंगखाली 5000 लिटरचा हौद आणि गच्चीवर 1000 लिटरची टाकी. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, हौद भरला की आठवडा निघायचा, आता दीड महिना झाला पाचव्याच दिवशी तळ दिसायला लागलाय. माणसं तेवढीच, वापर तेवढाच.

आधी घरातलंच बघितलं. सगळे नळ कोरडे आहेत, फ्लशच्या टाकीत जिलेबीचा रंग टाकून अर्धा तास थांबलो, कमोडमध्ये रंग उतरला नाही. मग परवा रात्री 11 ला टाकीतून खाली येणारा व्हॉल्व्ह बंद केला, आत लाकडी पट्टी धरून पेन्सिलनं खूण केली, सकाळी 6 ला बघतो तर पाणी 6 सेंमी खाली. टाकीला चीर नाही, बुडाखाली हात घालून बघितलं, स्लॅब ठणठणीत कोरडा.

पंपाची लाईन एक इंची जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) आहे, हौदातून निघून पेव्हिंग ब्लॉकखालून तुळशीजवळ वळते आणि मागच्या भिंतीवरून वर चढते. मागच्या जोत्याला ओल आलीय आणि तिथला कढीपत्ता भर मे महिन्यात हिरवागार आहे. प्लंबर म्हणतो सगळी 40 फूट उकरू. खर्चाचं बघू, पण 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही याच घरात होतो, टँकरपुढं घागरी घेऊन उभं राहिलोय, त्यामुळं पाणी असं मातीत जातंय म्हटलं की रात्री झोप लागत नाही. खोदायच्या आधी नेमकी जागा कळायचा काही उपाय आहे का?

कोथरूडकर:
मीटर असेल तर सगळे नळ बंद करून मीटरवरचा छोटा लाल त्रिकोण बघा, फिरत असला तर मीटरच्या पुढं गळती आहे. आमच्या सोसायटीत असंच सापडलं होतं.

मांजराकाठ:
मीटर नाहीये दादा. आणि नळाचं पाणी एकदा गेलं की त्या लाईनीत आठवडाभर प्रेशरच नसतं.

पाईपपाना:
राम राम भाऊ. मी बार्शीकडचा, 30 वर्षं झाली प्लंबिंगच करतो. मीटर नसला तरी अडत नाही, तुम्ही व्हॉल्व्ह बंद करून खूण केली तेच निम्मं काम झालं. आता ऐका, घरात लाईनी तीन असतात, एक नळापासून हौदापर्यंत, दुसरी पंपापासून वरच्या टाकीपर्यंत, तिसरी टाकीतून खाली नळांना. तिसरी तुम्ही बंद केली तरी पाणी उतरलं म्हणजे ती सुटली, पहिलीचा आणि वरच्या टाकीचा संबंधच नाही, राहिली पंपाची. आता तुम्ही म्हणाल ती तर वरून टाकीत पाणी सोडते, तिच्यातनं पाणी उलटं खाली कसं जाईल? तर टाकीचं झाकण काढून पंपाच्या पाईपचं तोंड बघा, माझा अंदाज आहे ते पाण्यात बुडालेलं असणार. आवाज होऊ नये म्हणून बरेच जण तिथं एल्बो लावून पाईप खाली सोडतात, मग पंप बंद झाला की तोच पाईप पाणी ओढून खाली आणतो, पेट्रोल काढायला नळी लावतो ना तसं, आणि खाली जिथं भोक असेल तिथनं ते बाहेर जातं.

पण लगेच टिकाव हातात घेऊ नका. पंपाजवळचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, खराब असला तरी असंच होतं, तेव्हा पाणी मातीत नाही तर परत हौदातच जातं आणि माणूस उगाच अंगण फोडतो. रात्री पंप बंद करून हौदाचं झाकण उघडा, बॅटरी मारा आणि कान द्या. धार पडत असली तर एनआरव्ही बदला, विषय संपला. धार नसली तर वरचं तोंड पाण्याच्या वर येईल एवढा पाईप कापा आणि परत रात्रभर खूण करून बघा.

मांजराकाठ:
काका, तोंड खरंच बुडालेलं होतं, वीतभर आत! एनआरव्ही ठीक दिसतोय, हौदात शांत होतं, काही पडत नव्हतं. काल दुपारी पाईप कापला, आज सकाळी टाकी जशीच्या तशी, एक रेघ पण उतरली नाही. रात्रीचे 60 लिटर वाचले म्हणायचे, हजारी टाकीत 1 सेंमीला साधारण 9-10 लिटर येतात, मोजून बघितलं. पण आता पंप चालू केला की सुरुवातीला 2-3 सेकंद गढूळ पाणी पडतं टाकीत, आधी असं नव्हतं.

आरोग्यसेविका_शु:
दादा, ते गढूळ पाणी अजिबात हलक्यात घेऊ नका. पंप बंद झाला की पाईपमधलं पाणी भोकातून खाली उतरतं, आत पोकळी होते आणि भोकाजवळची माती, घाण आत ओढली जाते, पुढच्या वेळी पंप तेच वर ढकलतो. जवळून ड्रेनेजची लाईन जात असेल तर गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ यातलं काहीही होऊ शकतं, आणि गावात साथ आली की आम्ही आधी लिकेज शोधतो ते याच्यासाठीच. दुरुस्ती होईपर्यंत प्यायचं पाणी हौदातून वेगळं काढा आणि उकळून घ्या, घरात लहान मूल असेल तर जास्तच.

अजून एक, जोत्याजवळची ओल नळाच्या पाण्याची आहे का सांडपाण्याची हे बघायला तिथं हातभर खड्डा करून साठलेल्या पाण्याची क्लोरीन बघायची ओटी टेस्ट करा, ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात द्रावण मिळतं, काही थेंब टाकले की पिवळं होतं. पिवळं झालं तर क्लोरीन आहे म्हणजे नळाचंच पाणी. नाही झालं तर मात्र त्यावरून काही ठरवू नका, मातीतून येताना क्लोरीन संपून जातो.

पाईपपाना:
ताईंचं बरोबर आहे, एक दिवस पण थांबू नका. आता जागा शोधायची. ओल दिसते तिथं भोक असेलच असं नाही, तुमच्याकडं काळी माती, पाणी पाईपच्या चारीबाजूच्या पोकळ मातीतनं उताराला वाहत जातं आणि जिथं अडतं तिथं वर येतं. जीआय पाईप आहे हे एक बरं, लोखंडातनं आवाज लांब जातो, प्लॅस्टिकला एवढा येत नाही. रात्री 2-3 वाजता रस्ता शांत झाला की एक लांब सळी घ्या, लाईनीच्या वरचे ब्लॉक दर 4-5 फुटाला एक काढा, सळी हलक्या हातानं पाईपला टेकेपर्यंत खाली घाला, मग पंप चालू करून दुसऱ्या टोकाला कान लावा. पाणी नुसतं वाहतंय त्याचा आवाज वेगळा आणि भोकातनं सूंऽऽ करत सुटतंय त्याचा वेगळा, दोन-तीन ठिकाणी ऐकलं की फरक लगेच कळतो. पहार ठोकू नका, जुना पाईप जागेवर फुटतो. आणि पंपाची वायर बरेचदा त्याच चरातनं नेलेली असते, त्यामुळं सळी घालताना पंप आणि त्याची एमसीबी दोन्ही बंद, सळी पाईपला टेकली की मगच पंप चालू करायचा आणि खोदताना परत सगळं बंद, हे विसरू नका.

नागपुरी_संत्रं:
सापडलं की तेवढ्या जागी रबर लावून क्लॅम्प मारा ना, 40 फुटाचा खर्च कशाला. माझा क्लॅम्प 3 वर्षं झाली टिकून आहे.

पाईपपाना:
दादा, पाईप नवा असता आणि कुणाचा टिकाव लागून फुटला असता तर मी पण क्लॅम्पच सांगितला असता. 22 वर्षांचा जीआय आतनं बाहेरनं गंजलेला असतो, त्यात आटे पाडताना पत्रा पातळ होतो आणि वरचा जस्ताचा थर निघून जातो, म्हणून सडायला सुरुवात बरेचदा सॉकेटजवळ होते. एक बुजवला की प्रेशर पुढच्या कमजोर आट्यावर. वर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, दरवर्षी पाईपला पिळ बसतो.

मांजराकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, काम झालं म्हणून सविस्तर सांगतो.

मुलाला स्विचपाशी उभं केलं आणि रात्री अडीचला मी सळी घेऊन बसलो. पहिल्या तीन ठिकाणी नुसती घरघर, चौथ्या ठिकाणी तुळशीजवळ सळी टेकली आणि मुलाला पंप चालू करायला सांगितलं तर कानात शिट्टीच वाजली. अंगावर काटा आला. ओल होती त्यापासून जागा 9 फूट अलीकडं. सकाळी दोन फूट खोदलं तर वळणावरचा एल्बो, त्याच्या तोंडाशी आटे भुशासारखे झालेले, नखानं लोखंडाची खपली निघत होती, आणि बरोबर खाली एक मोठा दगड पाईपला टेकलेला. ओटी टेस्ट पण केली होती, फिकट पिवळं झालं होतं.

क्लॅम्प नाही मारला. सगळा जीआय काढून 32 एमएमचा एचडीपीई प्लॅस्टिकचा पाईप टाकला, रोलमधून सलग, जमिनीत एकही जॉइंट नाही, दोन्ही टोकांचे कपलर भिंतीवर उघड्यावर आणले. चरात आधी वाळू, मग पाईप, मग परत वाळू, वरून काळ्या मातीऐवजी मुरूम. वळण जिथं होतं तिथं चर थोडा लांबवून गोल काढला. चर बुजवायच्या आधी पंप तीन वेळा चालवून प्रत्येक वेळी कागदी रुमालानं कपलर पुसून बघितले.

टाकी आणि हौद धुवून घेतले. आरोग्यसेविका शुभदाताईंना मेसेज करून विचारलं होतं, त्या म्हणाल्या चांगली टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असेल तर 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणून भरलेल्या टाकीत तेवढी पावडर आधी बादलीत कालवून, वरचं निवळ ओतलं आणि तासभर थांबून मग नळ सोडले.

आज नळाला पाणी यायचा दिवस आहे, सकाळी झाकण उघडलं तर हौदात अजून गुडघाभर पाणी होतं.