मदत हवी आहे: ई-पुस्तकाचं प्रकरण क्लासरूमवर टाकायचं की नुसती लिंक द्यायची?

ऐरोलीकर: विनाअनुदानित कॉलेज, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. तृतीय वर्षाला 120 मुलं. अर्थशास्त्राच्या संदर्भपुस्तकाची छापील प्रत एकच. ई-प्रत आहे, पण परवाना एकावेळी 3 जणांचा. परीक्षा जवळ आली की चौथ्याला 'सध्या उपलब्ध नाही' दिसतं, घरून तर उघडतच नाही. प्राध्यापक म्हणतात पीडीएफ उतरवून गूगल क्लासरूमवर टाका, 10 टक्क्यांपर्यंत चालतं. खरंच चालतं का? आणि केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून काही मिळेल का?

कपाटकिल्ली: आधी ते 10 टक्के डोक्यातून काढा, आपल्या कायद्यात शिक्षकासाठी असा आकडा नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(i): शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत उल्लंघन ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर 2016 मध्ये सांगितलं की किती पानं हे महत्त्वाचं नाही, शिकवण्यासाठी तेवढी लागतात का ते बघायचं. 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे फक्त तासाची 50 मिनिटं नव्हेत, हेही त्यातच आलं.

पण तिथे वाद झेरॉक्सचा होता. छापील पुस्तकाचं प्रकरण स्कॅन करून द्यायचंच असेल तर त्या वर्गाच्या बंद गटातच ठेवा आणि सत्र संपलं की काढा. व्हॉट्सअॅपवर गेलेलं परत येत नाही.

ई-पुस्तकाचं गणित वेगळं, कारण ते विकत घेतलेलं नसतं, करारावर वापरायला मिळालेलं असतं. करारात चार गोष्टी शोधा: अधिकृत वापरकर्ते कोण, कोर्सपॅक (निवडक प्रकरणांचा संच) किंवा ई-रिझर्व्हला (वर्गापुरतं प्रकरण ऑनलाइन ठेवणं) परवानगी आहे का, घरून वापर चालतो का, आणि एकगठ्ठा डाउनलोडबद्दल काय लिहिलंय. ई-रिझर्व्हचा उल्लेख नसेल तर प्रकाशकाकडून ईमेलवर लेखी घ्या, विक्री प्रतिनिधीच्या फोनवरच्या 'हो हो' वर जाऊ नका. तोवर फक्त लिंक. डीआरएम (प्रत काढू न देणारं डिजिटल कुलूप) तोडून पीडीएफ काढण्याच्या भानगडीत तर पडूच नका, कलम 65अ त्यासाठीच आहे, 2 वर्षांपर्यंत कैद.

नेटवर्कवाला_घणसोली: लिंक देताना अॅड्रेस बारमधला पत्ता उचलू नका. त्यात सेशन क्रमांक असतो, तासाभराने मुलांना एरर येते. पुस्तकाच्या पानावरची कायमची लिंक किंवा डीओआय (पुस्तकाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) घ्या आणि प्रॉक्सी (घरून येणाऱ्याला कॉलेजच्या नेटवर्कमार्फत आत नेणारी सोय) असेल तर तिचा पत्ता लिंकच्या सुरुवातीला जोडा. घरून न उघडण्याचं कारण बहुधा हेच, की प्रवेश कॉलेजच्या आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) बांधलेला आहे आणि प्रॉक्सी किंवा लॉगिन बसवलेलंच नाही. ब्रॉडबँडचा आयपी बदलता असेल तर एक दिवस कॉलेजातही बंद पडेल, स्थिर आयपी मागून घ्या.

लॅबमधली सगळी यंत्रं बाहेर एकाच आयपीने दिसतात. एकाने डाउनलोड मॅनेजर लावून पुस्तकच्या पुस्तकं ओढली की प्रकाशक तो आयपी अडवतो आणि अख्खं कॉलेज बाहेर.

कपाटकिल्ली: 3 जागांचं: 'पूर्ण पुस्तक डाउनलोड' म्हणजे बऱ्याच प्लॅटफॉर्मवर उसनवारी असते, मुदत संपेपर्यंत ती जागा अडते. रात्री तिघांनी ते बटण दाबलं की सकाळी 117 जण बाहेर. अॅडमिनमधून मुदत 1 दिवसावर आणा, किंवा हे बटणच बंद करा. मुलांना 'ऑनलाइन वाचा' किंवा प्रकरणाची पीडीएफ घ्यायला सांगा, वाचून झालं की टॅब बंद. टर्नअवे अहवालही काढा, किती जणांना परत पाठवलं ते त्यात येतं. जागा वाढवण्याचा प्रस्ताव प्राचार्यांकडे नेताना हाच कागद कामाला येतो.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन 1 जानेवारी 2025 पासून सुरू आहे, पण पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी, आणि तेही जर्नल्स. तुमचा प्रश्न पाठ्यपुस्तकाचा, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-साहित्याची सेवा) मात्र विनाअनुदानित कॉलेजला वार्षिक शुल्क भरून मिळतं. लॉगिन ज्याच्या-त्याच्या नावाचं, म्हणून घरूनही चालतं. तुमचं पुस्तक त्यात आहे का ते आधी यादीत तपासा, मगच पैसे भरा.

ऐरोलीकर: उसनवारीची मुदत 7 दिवस लावलेली निघाली. 1 दिवस केली. ई-रिझर्व्हसाठी प्रकाशकाला आजच ईमेल करते.

कपाटकिल्ली: ईमेलमध्ये वर्गाचं नाव, विद्यार्थीसंख्या, प्रकरण क्रमांक, पानं आणि कधीपासून कधीपर्यंत ठेवणार ते लिहा. मोघम विचारलं तर उत्तरात सरळ दरपत्रक येतं.