धंद्यावर बोजा चढवताना मालकाला साधं कळवतही नाहीत, हे पटतं का?

ओहायोवाला:
इथे अमेरिकेत मोटेल, दुकान, ट्रकिंग करणारे बरेच आहेत, म्हणून विषय काढतोय. ओळखीतल्या एका रेस्टॉरंटवाल्याने रोजच्या गल्ल्यातून फेडायची उचल घेतली होती. ती केव्हाच फिटली. आता नव्या ओव्हनसाठी बँकेत गेला, तर उत्तर मिळालं, 'तुमच्या सर्व मालमत्तेवर आधीच कुणाचा तरी यूसीसी-१ आहे.' (म्हणजे कर्जदाराच्या मालमत्तेवर आपलं तारण आहे, असं कर्ज देणारा सरकारी दफ्तरात नोंदवतो तो फॉर्म.) रेकॉर्ड काढलं तर उचल देणाऱ्याचं नावच नाही. 'प्रतिनिधी' म्हणून भलत्याच एजंट कंपनीचं नाव.

माझं म्हणणं एवढंच की सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसने (राज्याचं हे नोंदणी दफ्तर) नोंद करण्याआधी कर्जदाराची संमती तपासावी. २००१ च्या सुधारित कायद्यापासून फॉर्मवर त्याची सहीही लागत नाही. नाव-पत्ता भरा, फी भरा, चढला बोजा!

डेलावेअरचे तात्या:
अहो, फॉर्मने बोजा चढत नाही. तो चढतो तुमच्या मित्राने सही केलेल्या करारामुळे, आणि फॉर्म दाखल करायची परवानगीही त्याच सहीत आली. यूसीसी-१ ही नुसती जगाला दिलेली सूचना. करारच नसेल तर त्या नोंदीने कुणाला काही हक्क मिळत नाही.

ऑफिसने संमती तपासायची म्हणजे प्रत्येक करार कारकुनाने वाचायचा. इथे साधारणपणे जो आधी दाखल करतो त्याचा हक्क आधी. तपासणीत महिना गेला तर त्या महिन्यात कोण कर्ज देईल? छोट्या धंदेवाल्याचंच आधी अडेल.

हिशेबनीस वर्षा:
तात्यांचा कायदा बरोबर आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो करार वाचलेला असतो.

ओहायोवाले, मित्राला सांगा: कर्ज देणाऱ्याला सहीनिशी लेखी मागणी पाठवा. देणं संपलेलं असेल आणि पुढे काही द्यायचं त्याने कबूल केलेलं नसेल, तर २० दिवसांत त्याने बोजा उतरवल्याचा यूसीसी-३ फॉर्म दाखल करायला हवा किंवा तो तुमच्याकडे द्यायला हवा. नाही केलं तर कर्जदार स्वतः तो भरू शकतो, फक्त तो आपण भरतोय हे त्यात नमूद करावं लागतं. वर ५०० डॉलर दंडाची तरतूदही आहे. एकच पाहा, त्याने सरकारचं कोविड ईआयडीएल (कोविडकाळात धंद्यांना दिलेलं आपत्ती कर्ज) २५,००० डॉलरच्या वर घेतलं असेल तर त्याचाही यूसीसी-१ असणार. ते कर्ज तीस वर्षांचं असतं, म्हणजे तो बोजा खराच आहे. दोन्हींची गल्लत नको.

ओहायोवाला:
वर्षाताई, आभार. पण ५०० डॉलर? वकिलाने एकदा फोन उचलला की संपले. शिवाय कर्जदाराने स्वतः भरलेल्या यूसीसी-३ वर बँका लगेच विश्वास ठेवतात का?

आणि तात्या, 'नोंदीने हक्क मिळत नाही' हे कोर्टात ठीक. बँकेच्या टेबलावर त्याच नोंदीमुळे कर्ज अडतं. म्हणून तर डोकं फिरलेले लोक सूड म्हणून न्यायाधीशांवर, पोलिसांवर खोटे यूसीसी-१ टाकत आले. शेवटी २००८ मध्ये केंद्र सरकारने आपल्या अधिकाऱ्यांपुरता फौजदारी कायदा केला, दहा वर्षांपर्यंत कैद. त्यांना त्रास झाला तेव्हा ही नुसती सूचना नव्हती वाटतं?

मुलुंडचा सीए:
भारतातून डोकावतोय. कंपनीच्या मालमत्तेवर तारण नोंदवायला आमच्याकडे सीएचजी-१ भरतात, त्यावर कंपनी आणि बँक दोघांच्या डिजिटल सह्या. म्हणजे ओहायोवाल्यांना हवं ते आहे. तरी दुखणं तेच! कर्ज फिटतं, नोंद तशीच राहते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा जुना बोजा पाहिला नाही असा शेतकरी दाखवा. चढवताना कितीही तपासा, उतरवायची घाई कुणालाच नसते.

मात्र २०१३ च्या कंपनी कायद्यात एक गोष्ट चांगली आहे. कर्ज फिटल्याचं कंपनीने कळवलं आणि त्यावर बँकेची सही नसली, तर रजिस्ट्रार बँकेला नोटीस काढतो: जास्तीत जास्त १४ दिवसांत हरकत सांगा. हरकत नाही आली की बोजा उतरला. कारकुनाला करार वाचावा लागत नाही.

डेलावेअरचे तात्या:
ही सूचना पहिल्यापेक्षा बरी. पण उतरवणं फार सोपं करू नका. २००८ मध्ये जनरल मोटर्सचं एक वेगळं, साधारण ३० कोटी डॉलरचं देणं फेडताना वकिलांच्या कागदांत चुकून तिसराच यूसीसी-३ घुसला आणि जेपी मॉर्गन बँक ज्याची प्रशासक होती त्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाचं मुख्य तारण सुटलं. तपासणारे बरेच होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं: कागद दाखल करायला तुमची परवानगी होती ना? मग तारण गेलं.

ओहायोवाला:
तात्या, हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! दाखल होताना 'हे नक्की तुमचंच ना' असं ऑफिसमधून एक पत्र गेलं असतं तर?

आणि गंमत बघा. कॅन्ससमध्ये कर्जदाराच्या नावातलं एक 'डी' अक्षर गळलं म्हणून २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद कुचकामी ठरवली, कारण खऱ्या नावाने शोधल्यावर ती सापडत नव्हती. म्हणजे स्पेलिंगला एवढी किंमत, आणि माणसाच्या होकाराला ऑफिस विचारतही नाही.

डेलावेअरचे तात्या:
स्पेलिंग कॉम्प्युटर तपासतो, होकार तपासायला माणूस लागतो. त्याचा पगार शेवटी फीमधूनच निघणार. मुलुंडकरांची १४ दिवसांची नोटीस मला चालेल. चढवताना तपासणी, बिलकुल नाही.

हिशेबनीस वर्षा:
तुमचं चालू द्या, पण ओहायोवाले, नोंदीची तारीख पाहिलीत का? यूसीसी-१ पाच वर्षांनी आपोआप संपतो. मुदतीच्या आधीच्या सहा महिन्यांत तो वाढवता येतो, तेव्हा तशी नोंद झाली आहे का तेही पाहा. आणि कंपनी कुठल्या राज्यात रजिस्टर आहे ते सांगा. डेलावेअरची असेल तर रेस्टॉरंट ओहायोत असलं तरी शोध डेलावेअरमध्येच घ्यावा लागेल.