मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतली 'बाव गन' म्हणजे काय?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. घराची कौलं उतरवताना माळ्यावर आजोबांची शंभर पानी वही सापडली. निम्मी वाळवीनं खाल्लेली, उरलेली बॉलपेननं लिहिलेली. आजोबा मिलिट्रीत होते एवढंच आम्हाला माहीत. बेळगावकडचा माणूस मिलिट्रीत म्हटलं की मराठा रेजिमेंटच, म्हणून आम्ही त्यांना कायम हवालदार म्हणत आलो. वहीत मात्र सगळीकडे 'एलडी' आणि 'दफेदार' लिहिलंय.

१९६५ चा सप्टेंबर आहे, पाकिस्तानशी युद्ध चालू होतं तेव्हाचा. एक पान जसंच्या तसं देतो:

"ऊस डोक्याच्या वर. फुडचं काय दिसंना. आम्ही पाच जण आत. बाव गनवर मी. इंजन बंद केलं की पात्यांचा आवाज तेवढा. शेतात पाणी सोडल्यालं. त्यांचा प्याटन चिखलात बसला, चेन नुसती फिरालीय. तोफ सुटली, रिकामी केस लोडरच्या बुटावर पडली, त्यो आईवरनं शिव्या द्यायला लागला. धुरानं कुणाचंच डोळं उघडंनात."

पुढचं पान अर्धं गेलंय. रेजिमेंटचं नाव त्याच अर्ध्यात असावं, आमचं नशीब.

'बाव गन' काही कळेना. आमच्याकडे विहिरीला बावी म्हणतात, त्यामुळे काकांनी दोन दिवस 'विहिरीत बसवलेली तोफ' असा अर्थ लावला होता! सर्व्हिस नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसलेत. इथल्या एका कार्यालयात गेलो तर पेन्शन बुक मागितलं. आजी गेल्यावर ते कुठं गेलं देव जाणे. अर्जाचा नमुना कन्नडमध्ये, तो शेजाऱ्याकडून भरून घेतला, तरी परत पाठवलं.

तर रेजिमेंट कुठली असेल? आणि कागद कुठं मिळतील?

प्रतिसाद (निवृत्त दफेदार, निपाणी):

दादा, ते 'बो गन'. रणगाड्याच्या नाकाशी, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याची मशिनगन. आजोबा को-ड्रायव्हर होते. त्या वेळच्या सेंच्युरियन रणगाड्यात चौघं बसतात, पाचवी जागाच नाही. हलक्या एएमएक्स रणगाड्यात तिघं. पाच माणसं आणि बो गन म्हणजे शेरमन, दुसऱ्या महायुद्धातला गाडा.

ऊस, सोडलेलं पाणी आणि रुतलेले पॅटन (पाकिस्तानचे रणगाडे) म्हणजे पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर गावची लढाई, ८ ते १० सप्टेंबर. तिथं आपल्या तीन रेजिमेंट होत्या: ३ कॅव्हलरीकडे सेंच्युरियन, ८ कॅव्हलरीकडे एएमएक्स आणि डेक्कन हॉर्सकडे शेरमन. माझा अंदाज डेक्कन हॉर्स. पण त्या युद्धात शेरमन दुसऱ्या आघाड्यांवरही होते, तेव्हा कागद हातात आल्याशिवाय गावात बोर्ड लावू नका.

हवालदार म्हणत होता ते तसं चुकलेलं नाही. पायदळात हवालदार, रिसाल्यात म्हणजे रणगाड्यांच्या दलात दफेदार, हुद्दा एकच. एलडी म्हणजे लान्स दफेदार, पायदळातला नाईक.

अर्ज अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरच्या (रणगाडा दलाच्या) रेकॉर्ड ऑफिसला करा. दोन आकडे नसले तरी नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि भरतीचं साल लिहा. जिल्हा बेळगाव लिहा, त्या वेळच्या कागदावर बेळगावी सापडणार नाही. आणि आधी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. वाळवी लागलीय म्हणता ना, मग आजच.