अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी झालेल्यांचे अनुभव हवे आहेत

प्रश्न (कोथरूड, पुणे):
माझ्या वडिलांना अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस प्रकारचा (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा) कर्करोग आहे. शस्त्रक्रियेपूर्वी केमो आणि रेडिएशन द्यायचे ठरले असून, त्याच्या जोडीला इम्युनोथेरपीचे (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे) औषध तपासणाऱ्या ट्रायलमध्ये नाव घालण्याविषयी डॉक्टरांनी विचारले आहे. संमतिपत्र घरी वाचायला दिले आहे. ‘मला उंदीर करणार का?’ असे बाबा विचारतात, तेव्हा काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही. प्रत्यक्ष सहभागी झालेल्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ (सहभागी रुग्ण, हडपसर):
ताई, रुग्णांचे दोन गट करतात आणि कोण कोणत्या गटात, म्हणजे कोणाला कोणते औषध मिळणार, हे संगणक ठरवतो, आणि माझ्या ट्रायलमध्ये तर ते मला किंवा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. मात्र दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळतातच, हे बाबांना आधी सांगा. आज त्यांना सुचवलेले केमो-रेडिएशनसुद्धा नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ ट्रायलमुळे रुळले. तिच्यात ३६६ रुग्ण होते आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे आपण पूर्वीच्या रुग्णांच्या होकारावरच उपचार घेत आहोत.

त्रास म्हणाल तर जादा रक्ततपासण्या, स्कॅन आणि प्रत्येक भेटीत भरायची प्रश्नावली. घन पदार्थ गिळता येतात का, पातळ जाते का, स्वतःची लाळ गिळताना अडचण होते का, चारचौघांत जेवायला अवघड वाटते का, असे प्रश्न त्यात होते. लग्नाच्या पंगतीला मी का जात नाही हे घरच्यांनाही सांगितले नव्हते. ते त्या कागदावर मात्र लिहिले.

उत्तर २ (रुग्णाची पत्नी, सासवड):
आमच्या ह्यांनी मध्येच ट्रायल सोडली. जुलाब थांबेनात, नळीतून दिलेले दूधही पचेना, आणि सासवडहून दर खेपेला गाडी करून येणे झेपेना. कारण न देता बाहेर पडता येते, असे संमतिपत्रात लिहिलेले असते आणि आमच्या बाबतीत ते पाळले गेले; पुढचे उपचार त्याच डॉक्टरांकडे झाले. प्रवासखर्चाविषयी मात्र आम्ही आरंभी विचारलेच नाही. तुम्ही तो लेखी विचारा.

उत्तर ३ (ट्रायल समन्वयक म्हणून काम केलेली व्यक्ती):
वरील अनुभवांना नियमांची जोड देते. ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सार्वजनिक नोंदवहीतला) क्रमांक मागून घ्या; २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी प्रायोजकावर, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीवर किंवा संस्थेवर असते. एथिक्स कमिटीचा (सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीचा) फोन क्रमांक संमतिपत्रावर असतो, आणि तो केवळ शोभेसाठी नसतो.

फायदा होईलच असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर मला ते खटकेल, कारण उत्तर ठाऊक असते तर ट्रायलची गरजच नव्हती. शेवटी एक प्रश्न नक्की विचारा, कारण तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही: बाबांना औषध लागू पडले आणि ट्रायल संपली, तर ते औषध पुढे कोण देणार? काही अटींवर प्रायोजकाने ते विनामूल्य द्यावे अशी तरतूद आहे. पण त्यासाठी डॉक्टरांची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. म्हणून सही करण्याआधीच हे बोलून घ्या.