वडिलांच्या वर्कशॉपची मेल क्लाउडवर न्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

शिरोलीची लेथ

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून पंप आणि ट्रॅक्टरच्या कंपन्यांना देतो. धंदा बाबांनी उभा केला, गेली तीन वर्षं ऑफिस मी बघते. मेल आमच्याच डोमेनवर (पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव) आहे. वेबसाइट करून देणाऱ्यानेच होस्टिंगवर अकरा मेलबॉक्स काढून दिले, वर्षाला एकच बिल येतं. आजवर त्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात चाकणच्या एका गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदलून पाठवलं. बोअरचा (आतल्या भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, घट्ट केला होता. आमचा क्वालिटीचा मेलबॉक्स भरलेला, मेल परत गेली. आम्ही जुन्या ड्रॉइंगवर १४० नग काढले. सगळे रिजेक्ट. त्या दिवसापासून मला नीट झोप लागलेली नाही.

शिवाय आमची कोटेशन्स लोकांच्या स्पॅममध्ये जातात. फोन करून "स्पॅम बघा हो" म्हणावं लागतं. आणि बाबांच्या २०११ पासूनच्या सगळ्या मेल त्यांच्या एका पीसीवर आउटलुकमध्ये आहेत, १९ जीबीची पीएसटी फाइल. कुठल्या पार्टीला कधी काय दर दिला, कुठला पॅटर्न (ओतकामाचा साचा बनवायचा नमुना) कुणाच्या मालकीचा, सगळं त्यात. मध्ये तो पीसी दोन दिवस चालू होत नव्हता, तेव्हा बाबा खुर्चीतून हलले नाहीत.

गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ की झोहो? अकरा जणांचे महिन्याचे पैसे भरणं जड जाईल. जुन्या मेल कशा न्यायच्या? आणि एकही ऑर्डर मधल्या मधे हरवता कामा नये.

भोसरीतला सपोर्टवाला

ताई, कुठली सेवा हा प्रश्न शेवटी. पहिला प्रश्न: डोमेन कुणाच्या नावावर आहे? रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन जिथे नोंदवलंय त्या कंपनीचं, लॉगिन तुमच्याकडे आहे का? माझ्याकडे येणाऱ्या छोट्या कारखान्यांपैकी बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. डोमेन हातात नसेल तर एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर जायची ते सांगणारी डोमेनवरची नोंद) बदलता येत नाही, आणि ते बदलल्याशिवाय मेल नव्या जागी येत नाही. आज हे बघा.

दुसरं, अकरा मेलबॉक्स म्हणजे अकरा माणसं का? सेल्स, परचेस, इन्फो असले पत्ते माणसं नसतात. त्यांना एलियास (एखाद्याच्या खात्याला जोडलेला जादा पत्ता) किंवा ग्रुप (अनेकांना मेल वाटणारा पत्ता) करा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पैसे लॉगिन करणाऱ्या माणसांचे. तुमच्याकडे पाच-सहाच निघतील.

तिसरं, आणि इथेच लोक फसतात. बाबांचं आउटलुक पॉपवर असणार. पॉप मेल खाली उतरवतं आणि बहुतेक वेळा सर्व्हरवरून काढून टाकतं. म्हणजे नव्या सेवेतलं "जुन्या मेल आणा" बटण दाबलंत तर सर्व्हरवर उरलेलं तेवढंच येईल. तेरा-चौदा वर्षांचा माल त्या पीसीवरच राहील. म्हणून आधी आउटलुक बंद करून पीएसटीची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मग त्याच आउटलुकमध्ये नवं खातं आयमॅपने (यात मेल सर्व्हरवरच राहतात) जोडा आणि एकेक वर्षाचा फोल्डर ओढून टाका. एकदम १९ जीबी ओढू नका, मध्येच अडकतं आणि काय गेलं, काय राहिलं ते कळत नाही. एक वर्ष झालं की दोन्हीकडचे आकडे जुळवायचे, मग पुढचं.

स्पॅमचं कारण बहुधा एसपीएफ आणि डीकेआयएम नसणं. मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे पटवणाऱ्या या डोमेनवरच्या नोंदी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्याला दोहोंपैकी एक तरी लागतंच. तुम्ही दोन्ही लावा, डीमार्कही (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) लावा. पण एसपीएफची ओळ डोमेनवर एकच हवी. जुनी ठेवून नवी जोडली तर दोन्ही निकामी.

शिरोलीची लेथ

दादा, बघितलं. डोमेन वेबसाइटवाल्याच्याच नावावर आहे. फोन केला तर म्हणतो, "कशाला बदलता, मीच जागा वाढवून देतो." बाबा म्हणतात, जाऊ दे, ओळखीचा माणूस आहे. पण पत्रिकेवर, बिलावर, मालाच्या पेटीवर छापलेलं नाव आपलंच नसावं, हे मला सहन होत नाही.

माणसं मोजली. सहा.

सांगलीची हळद

आमचा हळदीचा व्यापार, वसंतदादा मार्केट यार्डात. याच वाटेने दोन वर्षांपूर्वी गेलोय. भांडू नका. कंपनीच्या लेटरहेडवर, जीएसटी क्रमांक घालून, लेखी मागा: डोमेन आमच्या फर्मच्या नावावर करा आणि ट्रान्सफरचा ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त कोड) द्या. जुनं बिल जोडा. त्याची राहिलेली रक्कम त्याच दिवशी चुकती करा, म्हणजे अडवायला कारण राहत नाही. आम्हाला तिसऱ्या पत्राला मिळालं.

तारीख निवडताना जीएसटीचं कॅलेंडर बघा. पोर्टल, बँक, पीएफ, सगळीकडे नोंदवलेला मेल आयडी हाच असतो आणि बऱ्याच ठिकाणी ओटीपी तिथेही येतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. या दिवसांच्या आसपास हात लावू नका. आम्ही २२ नंतर, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी केलं.

आणि कृपा करून सगळ्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा, बाबांनाही. आमच्या एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला होता. त्या माणसाने आत शिरून काही खराब केलं नाही, नुसता फॉरवर्डिंगचा नियम लावला आणि आमची बिलं महिनाभर वाचली. मग तामिळनाडूच्या पार्टीला आमच्याच लिहिण्याच्या धाटणीत मेल गेली की बँक खातं बदललंय. पार्टीने फोन करून विचारलं म्हणून वाचलो. तेव्हापासून खातं बदलल्याची मेल आली की फोन केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, असा दोन्हीकडून नियम आहे. तुमच्या जुन्या मेलबॉक्सांतही असे नियम आहेत का ते आत्ताच बघून घ्या.

भोसरीतला सपोर्टवाला

हळदवाल्या काकांचं सोळा आणे खरं. माझी थोडी भर. एमएक्सचा टीटीएल (बाकीचे सर्व्हर जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात तो काळ) सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या सेटिंगच्या पानावर, बहुधा १४४०० सेकंद, म्हणजे चार तास असतो. बदलाच्या आदल्या दिवशी ३०० करून ठेवा. मेल हरवेल ही भीती सोडा. समोरच्या सर्व्हरला पोचता आलं नाही तर तो लगेच हार मानत नाही, पुन्हा पुन्हा पाठवून बघतो. मात्र काही मेल थोडा वेळ जुन्या ठिकाणीच पडतील, म्हणून जुनं होस्टिंग दोनेक महिने चालू ठेवा आणि रोज डोकावा.

वेबसाइट जुन्याच जागी राहणार असेल तर सीपॅनलमध्ये ईमेल राउटिंग "रिमोट" करायला विसरू नका. नाहीतर तो सर्व्हर अजूनही तुमची मेल आपल्याकडेच आहे असं समजतो, आणि वेबसाइटच्या फॉर्मवरून आलेली चौकशी जुन्या बॉक्सात पडून राहते. वरून सगळं सुरळीत दिसतं, म्हणून हे महिनोन्महिने कळत नाही. स्कॅनर आणि टॅलीतून मेल जात असेल तर तिथली सेटिंगही बदलावी लागेल.

सेवेचं म्हणाल तर सगळे एक्सेल-आउटलुकवर बसणारे असतील तर मायक्रोसॉफ्ट, सगळे मोबाइलवर जीमेल वापरत असतील तर गूगल. पैसा आवळून चालायचं असेल तर चेन्नईचं झोहो. त्यात एकाच डोमेनवर वेगवेगळे प्लॅन घेता येतात, बाबांना मोठा, बाकीच्यांना लहान.

शिरोलीची लेथ

सात आठवड्यांनी लिहितेय. दोन पत्रांत ऑथ कोड आला. डोमेन आता फर्मच्या नावावर आहे, लॉगिन माझ्याकडे आणि बाबांकडे, पासवर्ड लिहिलेलं पाकीट तिजोरीत.

झोहो घेतलं, सहा खाती, बाबांचा प्लॅन मोठा. २४ तारखेला संध्याकाळी सहाला एमएक्स बदलला. पहिली मेल पावणेसातला आली, कास्टिंगच्या गाडीचं ई-वे बिल. जुन्या ठिकाणी एकूण चार मेल पडल्या, चारही सापडल्या. राउटिंगचं सांगितलंत त्याबद्दल खरंच आभार, मी ते नक्की विसरले असते. स्कॅनरला ॲप पासवर्ड (टू-स्टेपचा कोड टाकता न येणाऱ्या यंत्रासाठीचा वेगळा पासवर्ड) लागला, त्यात एक अख्खा दिवस गेला. कोटेशन्स आता इनबॉक्समध्ये पोचतात, तीन गिऱ्हाइकांना विचारून खात्री केली.

पीएसटी मात्र रोज रात्री एक वर्ष अशी चढवतेय. २०१४ ला दोनशेच्या आसपास मेल कमी भरल्या, पुन्हा केलं तेव्हा जुळलं. काल २०१७ झालं. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसतात. २०१२ मध्ये जर्मन पार्टीला पाठवलेलं पहिलं सॅम्पल, त्यांची "अप्रूव्ह्ड" एवढ्या एकाच शब्दाची मेल त्यांनी मला उघडून दाखवली, आणि मग स्वतःच्या मोबाइलवर ती सापडते का ते शोधलं. सापडली.

आज रात्री २०१८.