क्लायमेट मॉडेलचा डेटा उतरवून डिस्क भरली, सुपरकॉम्प्युटर लागेलच का?

ढगवेडी:
नमस्कार मंडळी. मास्टर्सच्या प्रोजेक्टला रोजच्या कमाल तापमानाचा ट्रेंड घेतलाय, आधी ईआरए५ मधून (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून बनवलेला जगाच्या मागच्या हवामानाचा डेटा) मागचा काळ आणि मग सीएमआयपी६ च्या (जगभरच्या क्लायमेट मॉडेल्सचा एकत्र प्रकल्प) आठ-दहा मॉडेल्समधून पुढचा. ईआरए५ चं ताशी तापमान उतरवायला बसले तर लॅपटॉपची डिस्क भरत आली, आणि अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही. कुठल्यातरी सुपरकॉम्प्युटरवर अकाउंट मिळाल्याशिवाय हे होणारच नाही का? की मोठी डिस्क घेऊन उतरवतच राहू? जे रोज हे काम करतात त्यांनी प्लीज सांगा.

ग्रिडबिंदू:
डिस्क घेऊ नका, आधी हिशोब करा. ०.२५ अंशाच्या जाळीत अक्षांशाच्या ७२१ ओळी, प्रत्येक ओळीत १४४० बिंदू, म्हणजे एका तासाच्या एका नकाशात दहा लाखांवर आकडे. वर्षात ८७६० तास. एका आकड्याला २ बाइट धरले तरी नुसत्या तापमानाचे वर्षाला १८ जीबी होतात, आणि १९४० पासून सगळं घेतलं तर दीड टीबीच्या आसपास.

पण तुम्हाला ताशी डेटा हवाच कशाला? युरोपच्या कोपर्निकस प्रकल्पाच्या क्लायमेट डेटा स्टोअरवर ईआरए५ च्या रोजच्या आकडेवारीचा वेगळा सेट आहे, कमाल, किमान, सरासरी तिकडेच काढून मिळतं. त्यात टाइमझोन निवडायची सोय आहे ती नीट बघा, कारण दिवस यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, मोजला तर तुमच्या प्रदेशातला दिवस मधेच तुटू शकतो आणि कमाल तापमान भलत्या तारखेला जाऊन बसतं. एकेक वर्ष आणायचं, सीडीओ या फुकट टूलच्या सेललॉनलॅटबॉक्स कमांडने आपली चौकट कापायची, मूळ फाइल उडवायची. ४० बाय ४० अंशांची चौकट घेतली तरी जगातले अडीच टक्केच बिंदू उरतात, सगळी वर्षं मिळून काही जीबीत काम आटपतं.

मॉडेलकरी:
ग्रिडबिंदूंना अनुमोदन. सुपरकॉम्प्युटर लागतो तो मॉडेल चालवायला, आउटपुट वाचायला नाही. जाळीचं अंतर निम्मं केलं की पूर्व-पश्चिम बिंदू दुप्पट, उत्तर-दक्षिण दुप्पट, आणि टाइमस्टेपही (मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो) निम्मा करावा लागतो नाहीतर मॉडेल फुटतं, आकडे भलतेच वाढतात, म्हणजे झाली आठपट मेहनत. सीएमआयपी६ ची बरीच मॉडेल्स १०० किमीच्या आसपास आहेत, तिथून ३ किमीला यायचं तर पाच वेळा निम्मं करायचं, म्हणजे तीस हजारपटीच्या वर. २०२३ चं क्लायमेट मॉडेलिंगचं गॉर्डन बेल प्राइझ (सुपरकॉम्प्युटिंगचा पुरस्कार) ज्या स्क्रीम मॉडेलला मिळालं ते फ्रंटियरसारख्या अवाढव्य अमेरिकन सुपरकॉम्प्युटरवर ३ किमीला एका दिवसात सव्वा वर्षाचं हवामान काढत होतं, आणि तेवढ्यावर सगळे खूश होते!

आणि एक गोष्ट मला मनापासून वाटते, पेटाफ्लॉप्सच्या (मशीनच्या गणिती वेगाच्या) बातम्या होतात पण डेटा सांभाळणाऱ्या लोकांचं नाव कुणी घेत नाही. हॅम्बर्गचं डीकेआरझेड हे कॉम्प्युटिंग सेंटर १९८७ पासून फक्त हवामान संशोधनासाठी चालतं, त्यांचं लेवांटे मशीन १४ पेटाफ्लॉप्सचं आहे आणि त्याला १३० पेटाबाइटची डिस्क आहे, मागे टेपचं आर्काइव्ह वेगळंच. एवढी डिस्क का, तर एकदा चालवलेलं मॉडेल जगभरचे लोक पुढे वर्षानुवर्षं वाचत राहतात म्हणून. ब्रिटनचं जॅस्मिन हे डेटा आणि कॉम्प्युटिंगचं सेंटर तर याच विचाराने उभं केलंय, की डेटा हलवण्यापेक्षा माणसाने डेटाजवळ येऊन काम करावं. तुमच्या गाइडचं अशा कुठल्या सेंटरशी काम चालू असेल तर जरूर विचारा.

टेपवाली:
सीएमआयपी६ साठी दोन वाटा. ईएसजीएफ या डेटा पोर्टलवर जाऊन व्हेरिएबल, मॉडेल, एसएसपी (भविष्यातल्या उत्सर्जनाचं गृहीतक) असे फिल्टर लावून फाइल्स घ्या, किंवा पँजिओ या संशोधकांच्या गटाने बऱ्याच मॉडेल्सचा डेटा क्लाउडवर झार फॉरमॅटमध्ये (तुकड्यातुकड्यांनी साठवलेला) ठेवलाय तो पायथनच्या एक्सअ‍ॅरे लायब्ररीने थेट उघडा, आपल्याला हवा तेवढाच तुकडा येतो.

काही ठिकाणी नक्की अडकाल म्हणून आधीच सांगते. तापमान केल्विनमध्ये असतं. ईआरए५ मध्ये अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे कॅलेंडर, काही मॉडेल्समध्ये लीप वर्षच नाही, ब्रिटनच्या यूकेईएसएम मॉडेलमध्ये तर प्रत्येक महिना ३० दिवसांचा, तिथे ३० फेब्रुवारी ही तारीख असते. तारखा जुळवून वजाबाकी करायला गेलात तर कोड अडेल, किंवा अडणार नाही आणि चुकीचं उत्तर देईल, जे जास्त वाईट.

ढगवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे! ताशी डाउनलोड थांबवलं. अजून एक, फाइलच्या नावात आर१आय१पी१एफ१ असं येतं ते काय असतं, आणि एकाच मॉडेलचे आर१ ते आर१० सगळे घ्यायचे का?

टेपवाली:
आर म्हणजे कितवा रन, आय सुरुवात कशी केली, पी फिजिक्स कुठलं आणि एफ फोर्सिंग कुठलं, म्हणजे हरितगृह वायूंसारखे बाहेरचे घटक कसे दिले. मॉडेल तेच, सुरुवातीची अवस्था किंचित वेगळी, त्यामुळे आर१ ते आर१० मधला फरक म्हणजे हवामानाची स्वतःची चढउतार. ट्रेंडसाठी प्रत्येक मॉडेलचा एकेक रन घेऊन सुरू करा, नाहीतर ज्या मॉडेलचे रन जास्त त्याचंच वजन सरासरीत वाढेल. मात्र काहींचा पहिला रन एफ१ नसून एफ२ असतो, यूकेईएसएम चा तसाच आहे, तेव्हा एफ१ चा फिल्टर लावलात तर ते मॉडेल यादीतून गळेल. आणि प्रत्येक फाइलचं व्हर्जन लिहून ठेवा. चूक सापडली की सेंटर नवीन व्हर्जन टाकतं, मग सहा महिन्यांनी आलेख वेगळा आला तर कारण तिथेच सापडतं.