अनुभव धागा: लहानपणी ऐकलेलं, अजून न गेलेलं

पर्वतीपायथा
काल स्वारगेटला बसची वाट बघत होते. शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याच्या हातून पाणी सांडलं. वडील लगेच, "मठ्ठ आहेस, मठ्ठच राहणार. डोक्यात कांदेबटाटे भरलेत." पोरगं रडलं नाही. बाटलीचं लागलेलं झाकण परत परत घट्ट करत राहिलं. माझ्या पोटात गोळाच आला.
आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात काका वाण्याच्या सुट्ट्या पैशांचा हिशेब घ्यायचे. चुकला की "शंख आहे शंख!", तेही चौकात, सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असं. आज बँकेत व्हाउचर तपासते, पण मागे कुणी उभं राहिलं की साधी बेरीज बोटांवर. तुमच्याकडे काय काय उरलंय?

आळूवडी
काळुंद्री. आजी. पिवळं घातलं की "अजून काळी दिसतेस". आता सेहेचाळीस पूर्ण, कपाटात पिवळं एक नाही. भाजी करपतेय, येते नंतर.

टेकडीवरचा
आम्हाला मास्तर रोज गाढव म्हणायचे. काय बिघडलं? हल्ली पोरांना फारच जपतात.

निम्मीशिम्मी
काका, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडायचं तर घाम फुटतो असं तुम्हीच मागे लिहिलं होतं ना? सहज आठवलं हो 😀

टेकडीवरचा
तो सेक्रेटरी तसा आहे!! पार्किंगचं विचारलं तर अंगावर येतो.

कात्रजघाट
पार्किंगचा धागा वेगळा काढा, दोनशे प्रतिसाद नक्की.

थोरलापाती
मी दुसऱ्या बाजूचा. "दादाच्या पायाचं तीर्थ घे" यातला दादा. बहिणीला रोज माझ्यावरून ऐकवायचे, मी ताटाकडे बघत जेवायचो. ती चित्रं फार छान काढायची, पण त्याला कोण विचारतो. आता राखी कुरियरने येते. फोनवर हवापाण्याच्या पुढे गाडी जात नाही. आईला वाटतं जावयामुळे.

आंबेहळद
थोरलापाती 🫂 आमच्याकडे पण सेम, फक्त दादाच्या जागी चुलतबहीण.

गुळांबा
शाळेत समुपदेशन करते, म्हणून थोडं लांबण. काही मुलं एक अक्षर इतक्यांदा खोडतात की कागद फाटतो. लहान मूल वाद घालत नाही. आपण कसे आहोत हे त्याला घरातूनच कळतं, मग ते तेच खरं धरतं. अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००६ मध्ये ५५४ तरुणांचा अभ्यास छापला. नुसतं घालूनपाडून बोलणं ऐकत वाढलेल्यांमधला त्रास घरातली मारहाण बघत वाढलेल्यांच्या तोडीचा दिसला. @टेकडीवरचा, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. मास्तर आज अडचणीत आले असते.

टेकडीवरचा
मास्तर बिचारे गेले. अक्षर मात्र त्यांनीच घडवलं माझं.
फळ्यापाशी बोलावलं की पाय लटपटायचे, ते खरंय.

निम्मीशिम्मी
🙏 काका, चहा घ्या.

कात्रजघाट
मुक्काम पोस्ट सिंहगड रोड, ट्रॅफिकमध्ये बसून सगळं वाचलं. माझं लिहिणार नाही, अजून जमत नाही.

आळूवडी
आले. दोडका होता, गेलाच. @गुळांबा, १०९८ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, शेजाऱ्यांनी फोन केला तर चालतो का? आमच्या वरच्या मजल्यावर रोज संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेला सुरू होतं. भिंतीतून शब्दन् शब्द येतो.

गुळांबा
चालतो. कोणीही करू शकतं, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. आधी व्यनि (खासगी निरोप) कर, बोलू.